पेजेच्या कसोटीला न उतरलेले स्टोव्ह

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन धडकले आणि त्याच्या तडाख्यात दक्षिणेकडच्या दापोली तालुक्यातही झाडे, विजेचे खांब आणि घरांवरची कौले पडली. एवढे त्या आठवड्यातल्या कोणत्याही वर्तमानपत्रात पडताळून पाहता येते. त्या दिवशी दापोलीजवळच्या एका वाडीत रघुनाथ शिवगण यांच्या पोटमाळ्यावर दहा स्टोव्ह होते. सगळे सहज उचलून नेण्याजोगे, सगळे चालू स्थितीतले. पुढे वीज नाही, गॅसची गाडी नाही, धड रस्ता नाही अशी अवस्था बरेच दिवस टिकली. त्या काळात या दहांपैकी एकही स्टोव्ह पेटला नाही. ही गोष्ट मात्र वर्तमानपत्रात आलेली नाही. तिला रघुनाथ आणि त्यांची पत्नी प्रेमला असे दोनच साक्षीदार आहेत.

कारण साधे होते. वादळाने वाडीत पाडून ठेवलेले सरपण दोन वर्षे पुरले असते. पडवीतली चूल प्रेमलांनी त्याच संध्याकाळी पेटवली. रघुनाथ पोटमाळ्यावरून स्पिरिटचा स्टोव्ह घेऊन उतरले, तेव्हा त्या म्हणाल्या,

"दारात अख्खा फणस आडवा पडलाय, आणि तुम्ही ही डबी घेऊन कुठं निघालात?"

"अडचणीला उपयोगी पडेल म्हटलं."

"अडचण कसली? आधी तो फणस तोडा."

रघुनाथांनी फणस तोडला. वादळात कौले उडाली तेव्हा त्यांनी आधी स्टोव्ह झाकले की आधी तांदळाची कणगी, यावर पती-पत्नीचे आजही एकमत नाही. पण स्टोव्ह न पेटल्याचे दुःख त्यांना फारसे झाले नाही, हे दोघेही सांगतात. रघुनाथांच्या मते ते स्टोव्ह मुळी संकटासाठी नव्हतेच. ते सहलीसाठी होते. आणि ती सहल अजून व्हायची होती.

सहलीचे मूळ वेळणेश्वरला आहे. मुलगी तेजल सातवीत असताना महाशिवरात्रीच्या जत्रेला सगळे तिकडे गेले होते. बरोबर धम्मदीप तांबे होते. दापोलीच्या कृषी महाविद्यालयात रघुनाथ प्रयोगशाळेत परिचर आणि धम्मदीप भांडारात लिपिक. दोघे एकाच वर्षी कामाला लागले आणि तेव्हापासून दुपारचा डबा एकत्र खातात. धम्मदीप बौद्ध कुटुंबातले, त्यामुळे त्यांना उपवास नव्हता. ते केवळ सोबत म्हणून आले होते आणि खाजे खात फिरत होते. रघुनाथ आणि प्रेमला मात्र सकाळपासून उपाशी होते. पुढे जे घडले त्यात या उपाशीपणाचा वाटा किती, हे आता ठरवणे अवघड आहे.

दर्शन झाल्यावर सगळे किनाऱ्यावर आले. तिथे मुंबईकडच्या कोणा जोडप्याने लहानसा तंबू लावला होता. तंबूच्या पुढ्यात पुरुष उकिडवा बसून मुठीएवढ्या शेगडीवर काहीतरी शिजवत होता. बाई वाळूत पाय पसरून बसली होती. ती काही करत नव्हती. भाजी निवडत नव्हती, मुलाला भरवत नव्हती, पुरुषाला काही सांगतही नव्हती. नुसती समुद्राकडे बघत होती. थोड्याच वेळात पुरुषाने टोप उतरवला, बशीत वाढले आणि तिच्या हातात दिले.

प्रेमला बराच वेळ तिकडे पाहत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बसलीय बघा कशी."

त्या स्वरात तक्रार नव्हती, असे रघुनाथ सांगतात. एखादा वेगळा पक्षी दिसावा तसे त्या म्हणाल्या. परंतु रघुनाथांच्या मनाला ते लागले. जत्रेच्या गर्दीत, धम्मदीपांच्या देखत त्यांनी शब्द दिला, "आपण पण येऊ. तू अशीच बसायचंस. सकाळची पेज मी करून हातात देईन."

"रघ्या," धम्मदीप खाजे चावत म्हणाले, "तुला चहाचं आधण ठेवता येतं का?"

"शेगडी बरी असली की सगळं येतं."

या वाक्यावर पुढची कितीतरी वर्षे उभी राहिली.

रघुनाथ शिवगण हा उतावळा माणूस नव्हे. प्रयोगशाळेत बाटल्या धुणे, नमुने लावणे, अंश आणि ग्रॅम यांची चूक होऊ न देणे, ही त्यांची आयुष्यभराची नोकरी. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, त्याच परिस्थितीत करून पाहिल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांनी तिथे शिकून घेतले होते. तेव्हा स्टोव्ह निवडायचा तर कसोटी हवी. कसोटी निवडायला त्यांना अर्धा दिवसही लागला नाही. उकड्या तांदळाची पेज. जो स्टोव्ह पेज करू शकत नाही तो घेऊन घराबाहेर पडण्यात अर्थ नाही. ही कसोटी वाडीत ज्याला ज्याला सांगितली त्या प्रत्येकाला ती रास्त वाटली. मुंबईत नोकरी करणारा चुलत भाऊ दादू, जो गणपतीला आणि शिमग्याला येताना चोरबाजारातून एकेक स्टोव्ह आणून देऊ लागला, त्यालाही रास्त वाटली. पेज नाही तर मग सकाळी खायचे काय, असे तोही म्हणाला.

पद्धत ठरलेली होती. तोच अॅल्युमिनियमचा टोप, तेच माप तांदूळ, त्याच विहिरीचे पाणी, घरापुढचे तेच खळे. वेळ मोजायला रेडिओ. सकाळच्या प्रादेशिक बातम्या सुरू झाल्या की टोप चढवायचा. बातम्या आणि त्यामागून लागणारे पहिले गाणे संपले की उतरवायचा. हे प्रमाण रघुनाथांनी स्वतः पाहून ठरवले होते. वेळणेश्वरच्या त्या पुरुषाने टोप चढवल्यापासून वाढेपर्यंत तेवढाच वेळ घेतला होता. छोट्या शेगड्या फार वेगवान असतात, असा त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला.

पहिला स्टोव्ह त्यांच्या वडिलांचा होता, पितळेचा, पंपाचा. मुंबईतल्या खोलीवर चार गाववाल्यांना त्याने वीस वर्षे जेवू घातले होते. त्याची पिन मारून, काकडा पेटवून रघुनाथांनी तो पहिल्यांदा खळ्यात लावला तेव्हा त्याच्या आवाजाने शेजारच्या जनी काकू बाहेर आल्या. बातम्या संपल्या, गाणे संपले. झाकण काढून पाहिले तर तांदूळ तसाच, दाणा न् दाणा मोजून घ्यावा असा.

प्रेमलांनी बोटाने एक दाणा दाबून पाहिला. "शिजली नाय," त्या म्हणाल्या आणि पदराची दोन टोके हाताला गुंडाळून टोप उचलून आत घेऊन गेल्या. थोड्या वेळाने नेहमीसारखी पेज वाडग्यात आली. रघुनाथांनी ती खाल्ली आणि सुतळीला बांधलेल्या पुठ्ठ्यावर "नापास" असे लिहून ती चिठ्ठी स्टोव्हच्या पायाला अडकवली.

"मेल्या, एवढ्यात कुठं शिजते?" जनी काकू कुंपणावरून म्हणाल्या होत्या. रघुनाथांना वाटले, काकूंना नव्या गोष्टींचा तिटकारा आहे. वास्तविक स्टोव्ह जुना होता, पण हे त्यांच्या लक्षात आले नाही.

मग एकामागून एक स्टोव्ह येत गेले. लष्करात मिळतो तसा पत्र्याचा एक आला. त्यात पांढऱ्या वड्या जाळायच्या असत आणि त्या वड्यांना मासळीसारखा वास येई. दापोलीत मासळीच्या वासाबद्दल कोणी तक्रार करत नाही, पण ही मासळी ताजी नव्हती. स्पिरिटचा स्टोव्ह दिसायला सुबक होता. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही असे दादूने बजावले होते आणि ते खरे आहे की नाही हे रघुनाथांनी हात लावून पाहिले. ते खरे होते. डाव्या तळहातावरचा डाग अजून आहे. काटक्यांवर चालणारा, खाली पंखा असलेला एक आला. त्यात माडाच्या सुक्या झावळ्यांचे तुकडे घातले की धडधडून पेटे, पण पंख्याने उडालेली राख प्रेमलांनी खळ्यात वाळत घातलेल्या आंबोशीवर बसली आणि त्या वर्षीचे आंबोशीचे लोणचे कोणी पाहुण्यांना वाढले नाही. प्रत्येक वेळी बातम्या संपत, गाणे संपे, झाकण उघडे, प्रेमला दाणा दाबून "शिजली नाय" म्हणत आणि टोप आत जाई. प्रत्येक स्टोव्हच्या पायाला चिठ्ठी लागे. नापास स्टोव्ह रघुनाथांनी टाकले नाहीत की विकले नाहीत. नापास म्हणजे मोडका नव्हे, असे त्यांचे म्हणणे. प्रयोगशाळेतही उगवण न झालेले बियाणे ते वर्षभर जपून ठेवत.

अशा रीतीने एक गोष्ट घडत राहिली जी कोणाच्या नजरेत भरली नाही. दिलेला शब्द पुरा करण्यासाठी रघुनाथ पेज करत होते, आणि त्यांनी केलेली प्रत्येक पेज प्रेमला शिजवत होत्या.

वादळानंतरच्या वर्षी दादूने घडीचा गॅस-स्टोव्ह पाठवला. बंद मुठीत मावेल एवढा. उघडला की तीन वाकडे पाय बाहेर येत आणि तो गॅसच्या डब्याच्या डोक्यावर फिरवून बसवायचा.

"ही तर चिंबोरी आहे," धम्मदीप म्हणाले. खेकड्याचे ते नाव स्टोव्हला तेव्हापासून चिकटले.

चिंबोरीची ज्योत निळी, सरळ आणि बिनआवाजाची होती. रघुनाथांना तिच्याबद्दल मोठी आशा वाटली. बातम्या लागल्या. धम्मदीप सुट्टीचा दिवस म्हणून मुद्दाम आले होते आणि पायरीवर बसून पान जुळवत होते. गाणे संपले. झाकण उघडले.

"शिजली नाय," प्रेमला म्हणाल्या.

"तांदूळ जून असेल," रघुनाथ म्हणाले. त्यांच्या तोंडून स्टोव्हची बाजू घेणारे वाक्य पहिल्यांदाच निघाले होते.

"तांदूळ नवा आहे. कालच कणगीतून काढला."

"रघ्या, मी काय म्हणतो," धम्मदीप म्हणाले, "तंबू माझ्याकडे आहे, गाडी माझ्याकडे आहे. तू पेजेचा नाद सोड. पाव-बटर नेऊ."

रघुनाथांनी त्यांच्याकडे असे पाहिले की धम्मदीपांनी पान तोंडात टाकून विषय बदलला. शब्द पेजेचा दिला होता. पाव-बटर कोणीही हातात देतो.

चिंबोरीलाही चिठ्ठी लागली. तरी रघुनाथांनी ती पोटमाळ्यावर न नेता खालच्या फळीवर ठेवली.

२०२३ च्या पावसाळ्यानंतर प्रेमलांचे दोन्ही गुडघे इतके दुखू लागले की विहिरीची पायरी त्यांना आडवे पाय टाकून उतरावी लागे. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि सांगितले की वाट्या झिजल्या आहेत, बदलाव्या लागतील, जानेवारीत या. मग शस्त्रक्रियेनंतरची पथ्ये सांगितली. जड उचलायचे नाही, उकिडवे बसायचे नाही, मांडी घालायची नाही, जमिनीवर बसायचे नाही.

"कधीपर्यंत?" रघुनाथांनी विचारले.

"आता कायमचंच," डॉक्टर म्हणाले. "खुर्ची वापरायची. सगळे वापरतात."

परतीच्या एसटीत प्रेमला खिडकीशी बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "म्हणजे वाळूत बसायचं राहिलंच." आणि पर्समधून सुपारी काढून तोंडात टाकली. खेड येईपर्यंत रघुनाथ पुढच्या सीटच्या दांडीकडे पाहत होते.

त्या रात्री तेजलचा फोन आला. ती चिपळूणच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे.

"बाबा, डिसेंबर आहे हातात. आईला घेऊन जा."

"अजून एकही स्टोव्ह पास झालेला नाही."

"मग नापास स्टोव्ह घेऊन जा! आईचं ऑपरेशन जानेवारीत आहे. ते काय तुमच्या स्टोव्हसाठी थांबणार आहे?"

"अर्धी कच्ची पेज हातात देऊ तिच्या? एवढी वर्षं थांबवून?"

तेजल म्हणाली, "बाबा, ती पेजेसाठी थांबलीय की बसायसाठी, हे एकदा विचारा तिला."

रघुनाथांनी विचारले नाही. विचारण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटले नाही; शब्द दोन्हींचा होता. नोव्हेंबरभर त्यांनी आणखी दोन स्टोव्ह मागवले. दोन्ही पडले. एकूण तेरा झाले. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते धम्मदीपांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शनिवारी गाडी काढ. चिंबोरी नेऊ."

"पास झाली?"

"नाही."

धम्मदीपांनी चष्मा काढून पुसला. "मग?"

"मग काही नाही. तिच्या गुडघ्यांना जानेवारी आहे."

गाडी होती म्हणून ठीक. निघताना रघुनाथांच्या लक्षात आले की ज्वालाग्राही वस्तू एसटीतून नेता येत नाहीत, हे प्रत्येक एसटीत लिहिलेले असते आणि आपण ते चाळीस वर्षे वाचत आलो आहोत. तेरा स्टोव्ह पारखताना त्यांपैकी भरलेला असा एकही एसटीतून जाणार नाही, हा विचार त्यांना एकदाही सुचला नव्हता. त्यांनी ही गोष्ट धम्मदीपांना सांगितली नाही.

दाभोळला फेरीबोटीवर गाडी चढवून ते धोपाव्याला उतरले आणि दुपारी कलत्या उन्हात वेळणेश्वरला पोचले. किनाऱ्याला लागून असलेल्या एका माडांच्या वाडीत, मालकाला विचारून, धम्मदीपांनी तंबू लावला. तंबू लावणे हे काम रघुनाथांना वाटले होते त्यापेक्षा अवघड आणि प्रेमलांना वाटले होते त्यापेक्षा विनोदी निघाले. रात्रीचे जेवण घरून आणलेल्या भाकऱ्यांवर झाले. धम्मदीप गाडीत झोपले. घोरण्याचा आवाज गाडीत कोंडून राहील, असा त्यांचा अंदाज होता.

सकाळी उजाडताच रघुनाथांनी वाळूत सपाट जागा केली. वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा उभा केला. तोच टोप, तेच माप, घरच्या विहिरीचे पाणी बाटलीत भरून आणलेले. चिंबोरीचे पाय उघडले, डब्यावर बसवली. प्रेमला माडाच्या खोडाला धरून हळूहळू खाली टेकल्या, सरकत सरकत उघड्या वाळूत आल्या आणि त्यांनी पाय लांब केले. साडीच्या घोळात वाळू गेली ती त्यांनी झटकली नाही.

रेडिओ सुरू झाला. प्रादेशिक बातम्या लागल्या. रघुनाथांनी टोप चढवला.

"काय सांगतायत?" प्रेमलांनी विचारले.

"विधानसभेचं काहीतरी."

"बरं."

समुद्र ओहोटीला होता. दूरवर दोन माणसे जाळे ओढत होती. प्रेमला तिकडे बघत बसल्या होत्या, आणि रघुनाथ टोपाकडे. बातम्या संपल्या. मागून लागलेले गाणेही संपले. रघुनाथांनी झाकण उचलले, पळीत दोन दाणे घेतले, बोटाने दाबले. कडक. त्यांनी टोप उतरवला. हातात फडके धरून ते उठले आणि सवयीने टोप प्रेमलांपुढे केला.

प्रेमलांनी हात पुढे केले नाहीत.

रघुनाथ टोप धरून उभे राहिले. तो कुठे न्यायचा हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापुढे आला. आत न्यायला तिथे आत असे काही नव्हते.

"शिजली नाही," ते म्हणाले.

"नसणारच."

"मग?"

"मग काय? मी बसलेय." प्रेमलांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. "ठेवा परत. आच बारीक करा. झाकण ठेवा."

"किती वेळ?"

"शिजेपर्यंत."

रघुनाथांनी टोप परत चढवला. आच बारीक केली. रेडिओवर दुसरे गाणे लागले, तेही संपले. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम लागला, त्यात भुईमुगावरच्या टिक्का रोगाची माहिती सांगितली आणि तोही संपला. मध्येच रघुनाथ झाकणाकडे हात नेत, तेव्हा प्रेमला समुद्रावरून नजर न काढता "राहू दे" म्हणत. गॅसचा डबा संपेल ही भीती त्यांना होती. तो संपला नाही. धम्मदीप डोळे चोळत आले, त्यांनी एकदा टोपाकडे, एकदा प्रेमलांकडे पाहिले आणि ते बाजूला बसले.

हळूहळू टोपातून जो वास आला तो रघुनाथांनी जन्मभर सकाळी अंथरुणात घेतला होता. त्यांनी झाकण काढले. दाणे फुटून फुलले होते आणि पाणी पांढरे, दाट झाले होते. त्यांनी एक वाडगा भरला आणि वाकून प्रेमलांच्या हातात दिला.

प्रेमलांनी फुंकर घालून एक घोट घेतला.

"मीठ नाय यात."

मीठ रघुनाथांनी आणले नव्हते. पेजेत मीठ शेवटी घालतात, आणि पेजेच्या शेवटापर्यंत ते कधी पोचलेच नव्हते.

"वहिनी, समोर अख्खा समुद्र आहे," धम्मदीप म्हणाले.

"तुम्ही गप बसा भावजी. आणा त्या मालकीणबाईंकडून चिमूटभर."

धम्मदीप मीठ आणायला गेले. प्रेमलांनी तोवर वाट पाहिली नाही. त्यांनी ती पेज अळणीच संपवली आणि वाडगा पुन्हा पुढे केला. रघुनाथांनी तो पुन्हा भरला.

"म्हणजे चिंबोरी पास," थोड्या वेळाने ते म्हणाले.

"होय तर."

"पण मग..." ते थांबले. प्रयोगशाळेत वापरला जाणारा एक साधा नियम त्यांना त्या क्षणी आठवला. नवे तपासायचे तर शेजारी जुने, माहितीचे, तसेच करून ठेवायचे. घरातल्या गॅसवर पेज किती वेळात होते, हे त्यांनी एकदाही पाहिले नव्हते. ते उठत तेव्हा पेज झालेली असे. "मग बाकीचे बारा?"

प्रेमला पेज पीत राहिल्या.

"तू मला कधी सांगितलं का नाहीस?"

"दर वेळी सांगितलं. शिजली नाय, शिजली नाय. तुम्ही चिठ्ठी बांधायचात."

त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर तेजलचा फोन आला, तेव्हा रघुनाथांनी तिला सगळे क्रमाने सांगितले. त्या जत्रेतल्या पुरुषाचा टोप एवढ्या लवकर कसा झाला, हा एकच भाग त्यांना उलगडत नव्हता.

"बाबा, तो नूडल्स करत होता," तेजल म्हणाली. "पिवळं पाकीट होतं ना शेजारी. मला वाटलं, तुम्हीही बघितलंत."

जानेवारीत प्रेमलांचे गुडघे बदलले. घरी आल्यावर त्या खळ्यात खुर्चीत बसतात, समोर चालण्याचा आधार उभा असतो. घरात आत टोप नेणारे आता कोणी नाही, त्यामुळे रोज सकाळी पेज रघुनाथ करतात आणि शेवटापर्यंत करतात. मीठही घालतात, बहुधा जास्त. दर दिवशी पोटमाळ्यावरचा एक स्टोव्ह खाली येतो. स्पिरिटचा पास झाला. काटक्यांचा पास झाला. आंबोशी त्या दिवशी आत घेतली होती. जनी काकू कुंपणावरून बघत होत्या. नोव्हेंबरातले दोन्ही पास झाले. पास झालेल्याची चिठ्ठी रघुनाथ काढतात आणि चुलीत टाकतात.

सगळ्यांचा निकाल लागलेला नाही. लष्करी स्टोव्हच्या पांढऱ्या वड्या आता दादूला कुठे मिळत नाहीत. वडिलांच्या पितळी स्टोव्हला रॉकेल हवे आणि ते रेशनवर येणे केव्हाच बंद झाले आहे. या दोघांच्या चिठ्ठ्या जागेवर आहेत. ज्याने वीस वर्षे चार माणसांचे जेवण केले तो स्टोव्ह पेजेच्या कसोटीला उतरला असता का, हे आजवर सिद्ध झालेले नाही. कच्ची पेज पदराने उचलून आत नेताना प्रेमलांना वेळेची ही चूक कळत होती का, आणि कळत असेल तर कोणत्या स्टोव्हपासून, हेही कळलेले नाही. रघुनाथांनी दोनदा विचारले आहे. पहिल्या वेळी त्या म्हणाल्या की आठवत नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी वाडगा पुढे केला.